प्रेमिलानं सही कुठं करावी?

बास्केटबॉल हा खेळ मी पहिल्यांदा पुस्तकात पाहिला. त्यात विशेष काही नाही. मी बऱ्याच गोष्टी पुस्तकातच पाहिल्या आहेत, समुद्रसुद्धा. तरीही १९७८ सालच्या मे महिन्यात, नागपुरातल्या सगळ्यात चांगल्या बास्केटबॉल खेळाडूनं रेल्वेकडून खेळावं, वीज मंडळाकडून खेळावं की बँकेकडून, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. ते कसं आलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढंच कारण असावं.

खेळाडूचं नाव प्रेमिला. गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत ती शेजारच्याच घरात राहायची. तिच्या बापाचा, धोंडबाचा, हातमाग आमच्या भिंतीला लागून होता. त्याची खटखट ऐकत मी तीस वर्षं वाचन केलं. प्रेमिलाची उंची पाच फूट अकरा इंच. आमच्या दारातून आत येताना ती मान वाकवायची आणि आत आल्यावरही बराच वेळ तशीच ठेवायची, आम्हा बुटक्यांना वाईट वाटू नये म्हणून. स्वभावानं इतकी गरीब मुलगी मैदानावर समोरच्याच्या हातातून चेंडू हिसकावून घेते, हे मला कुणी सांगितलं तेव्हा मी ते अफवा समजून सोडून दिलं होतं.

त्या वर्षी तिचं कॉलेज संपलं आणि ती मोकळी झाली. मोकळी म्हणजे, कोणत्याही संघाकडून खेळायला मोकळी. मोठमोठ्या कचेऱ्यांना चांगले खेळाडू हवे असत आणि खेळाडूंना नोकरी हवी असे, असा तो सरळ व्यवहार होता. नियम दोनच. एकतीस मेच्या संध्याकाळी पाचच्या आत जिल्हा संघटनेच्या कचेरीत एका संघाच्या फॉर्मवर सही करायची. उशीर झाला तर वर्षभर खेळ बंद, आणि खेळ नाही तर नोकरीही नाही.

धोंडबा एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर, पोरीचं काही पाहा ना."

मी मास्तर कधीच नव्हतो. कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं सहायक होतो. पण गल्लीनं एकदा ठरवलं की ठरवलं.

"स्थळ का?" मी विचारलं.

"नाही जी, नोकरी. तीन जागचे लोक येऊन राहिले. मले काही समजत नाही. तुमी वाचेल माणूस. तुमी सांगाल तिथं पोरगी सही करन."

"अहो, पण मला खेळातलं काहीच कळत नाही."

"म्हणून तं तुमच्याकडं आलो. ज्याले समजते तो आपल्याच तिकडं ओढते."

मी त्याच दुपारी ग्रंथालयात जाऊन नियमांचं पुस्तक आणलं. दोन दिवस वाचलं. दोन टोपल्या असतात, दोन्हींना बूड नसतं, हे समजलं. टोपलीजवळच्या एका ठरावीक चौकटीत तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ उभं राहिलं तर तो गुन्हा धरतात, हेही समजलं. एकाच जागी चौतीस वर्षं उभा राहिलेल्या माणसानं या विषयात सल्ला द्यावा का, असा प्रश्न मला पडला. मी तो कुणाला विचारला नाही.

धोंडबाला दिवसा मागावरून उठता येत नसे, म्हणून त्यानं तिघांनाही "मास्तरले भेटा" असं सांगून ठेवलं. पहिले आले मारोतराव. वीज मंडळाच्या खेळ समितीचे चिटणीस, पलीकडच्याच गल्लीत राहणारे. नागपूर सोडायचं काम नाही, वर्षात नोकरी कायम, असं त्यांनी सांगितलं आणि उठताना माझ्या हातात एक नारळ आणि सुपारी ठेवली. पाहुण्यानं दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्यावी, असं मला लहानपणी शिकवलं आहे. मी घेतली. वर त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी बाबनराव आले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते, पण मनानं अजून ड्यूटीवर. रेल्वेच्या संघासाठी खेळाडू जमवण्याचं काम ते हौसेनं करत. देशभर फिरायचा पास, देशातला सगळ्यात तगडा संघ, वगैरे. जाताना नारळ. मी घेतला.

तिसरे ताराचंद शेठ. इतवारीत त्यांचं साड्यांचं दुकान होतं आणि धोंडबाच्या साड्या तेच घेत. नव्यानं निघालेल्या एका सहकारी बँकेचे ते संचालक होते. बँकेला अजून संघच नव्हता.

"पहले बिटिया आ जाए," ते म्हणाले, "टीम का क्या है, टीम बन जाएगी. बाकी चार तर पाहिजे ना फक्त?"

त्यांनीही नारळ दिला. त्यांचा सगळ्यात मोठा होता. मी तोही दोन्ही हातांनी घेतला.

"अहो, मे महिन्यात तीन-तीन नारळ घरात कोण ठेवतं?" माझी बायको, तारा, म्हणाली. "तडकतील उन्हानं." तिनं पहिला फोडला आणि खोबऱ्याच्या वड्या केल्या. त्याच संध्याकाळी मारोतराव चौकशीला आले तेव्हा त्यांनी दोन खाल्ल्या आणि वेलदोडा बेताचा पडला आहे असं मत दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी माग थांबला. इतकी शांतता झाली की मला वाचता येईना. मी मान वर केली तर दारात धोंडबा.

"मास्तर, तुमी नारळ घेतला म्हणून राहिले लोक."

"हो. आपला शिष्टाचार म्हणून."

"कोणाचा?"

"तिघांचाही."

धोंडबा हळूच खाली बसला. "तिघायचाही!" मग मला, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं, त्यानं सांगितलं. त्यांच्यात व्यापारी काम द्यायला येतो तेव्हा नारळ-सुपारी देतो. विणकरानं ती हातात घेतली की काम पक्कं. मुलीच्या लग्नातही तसंच. लिहायवाचायची भानगड नाही. "नारळ घेतला म्हणजे शब्द गेला, मास्तर. अन् फोडला म्हणजे तं वरात दारात आली समजा."

"एक फोडलाय," तारा आतून म्हणाली.

"कोणाचा?"

"पहिला. मारोतरावांचा. वड्या छान झाल्या होत्या."

धोंडबानं कपाळाला हात लावला. मी पाहिलं, तो रागावला नव्हता. तो घाबरला होता. तीन पिढ्या त्याच्या घरातून कुणी दिलेला शब्द मागे घेतला नव्हता, आणि मी चार दिवसांत त्याच्या नावानं तीन देऊन ठेवले होते. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. नियमांच्या पुस्तकात नारळावर एकही कलम नव्हतं.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. सल्ला द्यायला लोक उन्हातून आले. कुणी म्हणालं, जो फुटला त्याच्याकडेच जाऊ द्या. कुणी म्हणालं, ताराचंद शेठचं मन मोडलं तर धोंडबाच्या साड्या कोण घेणार? प्रेमिलाची आई मैनाबाई म्हणाली, "तिघायलेही हो म्हणून द्या. दोन-दोन दिवस खेळन तिघायकडं. रविवारी घरी पाणी भरन." यातल्या प्रत्येकाचं म्हणणं मला बरोबर वाटलं. दुसऱ्याचं म्हणणं बरोबर वाटण्याचा मला जुना आजार आहे.

शेवटी मी माझ्या पद्धतीनं गेलो. ग्रंथालयाच्या कोऱ्या कार्डांच्या पाठीवर तीन रकाने आखले. नोकरीची शाश्वती, गाव सोडावं लागेल का, कचेरी घरापासून किती लांब, रजा, औषधपाणी, असे सतरा मुद्दे घातले आणि प्रत्येकाला गुण दिले. वीज मंडळ पहिलं आलं. कार्डं घेऊन मी शेजारी गेलो. प्रेमिला जमिनीवर बसून बापासाठी सुताच्या कांड्या भरत होती. बसली असूनही ती जवळजवळ माझ्या छातीपर्यंत येत होती. मी सतराच्या सतरा मुद्दे वाचून दाखवले. ती चरखा न थांबवता ऐकत होती.

"काका," सगळं झाल्यावर ती म्हणाली, "रेल्वेत ते कलकत्त्याची उंच मुलगी आहे ना, तिचं काही लिहिलं नाही तुमी."

"ती तर अडचण आहे. तिच्यासारख्या तिथं दोघी आहेत. तुला खेळायला घेणारच नाहीत. बाकावर बसवून ठेवतील."

"मागच्या वर्षी तिनं माझे सहा चेंडू अडवले. सहा!" हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला की जणू त्या मुलीनं तिला काही भेट दिली होती. "अठी मले कोणीच अडवत नाही, काका. मी वर हात केला का झालं. मले तिच्याजवळ जायचं आहे. रोज अडवन तं समजन ना, कसं अडवते ते."

"आणि बाकावर बसावं लागलं तर?"

"बसीन."

मी कार्डं खिशात घातली. सतरा मुद्द्यांमध्ये, आपल्यापेक्षा सरस माणूस कुठं आहे, हा रकानाच नव्हता. मला तो सुचणंही शक्य नव्हतं. मी असल्या माणसांपासून नेहमी दोन कपाटं लांब राहिलो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "नारळ मी परत करतो." हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं हे कळायला मला क्षणभर लागलं.

धोंडबाच्या म्हणण्यानं नारळ परत करायचीही रीत होती. ज्यानं घेतला त्यानं स्वतः जायचं, तोच नारळ द्यायचा आणि हात जोडून चूक झाली म्हणायचं. ताराचंद शेठकडे मी आधी गेलो, कारण तो नारळ अजून शाबूत होता. शेठनी तो हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाले, "पानी कम हो गया, मास्तरजी." मी शपथेवर सांगितलं की त्याला कुणी हात लावलेला नाही. मग ते हसले. "अरे, बेटी रेलवे में जाएगी तो अच्छाच आहे. धोंडबाला सांगा, साड्या वेळेवर आणून दे म्हणाव. उसका बास्केटबॉल से क्या लेना-देना?" मी इतक्या वेळा आभार मानले की शेवटी त्यांनी मला नोकराकरवी दुकानाबाहेर पोचवलं.

मारोतरावांसाठी मी बाजारातून नवा नारळ घेतला. त्यांनी तो सगळीकडून फिरवून पाहिला.

"हा आमचा नाही. आमच्या नारळाची शेंडी लांब होती."

मला खोटं बोलता येत नाही. सराव नाही. मी खाली मान घालून सांगितलं की तुमचा नारळ आमच्या घरी फोडला, त्याच्या वड्या केल्या आणि त्यातल्या दोन आपणच खाल्ल्या.

मारोतरावांनी नारळ खाली ठेवला. "वेलदोड्याच्या?"

"त्याच."

"म्हणजे मोडलं ते आपण दोघायनं मिळून मोडलं म्हणा ना!" आणि ते असे मोठ्यांदा हसले की त्यांना गुडघा धरून खाली बसावं लागलं. शेंडी आखूड असलेला नारळ त्यांनी ठेवून घेतला. धोंडबाचा माग दुपारी पुन्हा सुरू झाला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण फॉर्मसोबत तिच्या, म्हणजे आमच्याच, कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र लागत होतं. ते देणारा कारकून शालिकराम. विद्यार्थी असताना त्यानं एक पुस्तक हरवलं होतं आणि ते सापडेपर्यंत मी त्याचा दाखला अकरा महिने अडवून धरला होता. तेव्हा मला वाटलं होतं की मी नियम पाळला.

"या सर," तो म्हणाला. त्यानं रजिस्टर उघडलं. "सात नंबरची जर्सी जमा नाही. जर्सी आणा, प्रमाणपत्र घेऊन जा. नियम म्हणजे नियम. तुमच्यापासूनच तं शिकलो."

जर्सी मैनाबाईनं गेल्या हिवाळ्यात गोधडीत शिवून टाकली होती. उसवायला घेतली तर फाटायला लागली. एकतीस तारखेच्या दुपारी, नागपूरच्या त्या उन्हात, मी आणि प्रेमिला सायकलवर गोधडी लादून कॉलेजात गेलो. सायकल तिनं हातात धरली होती. मी मागून गोधडी सांभाळत होतो आणि ओळखीचे प्राध्यापक भेटले की गोधडीकडे न पाहता हवापाण्यावर बोलत होतो. शालिकरामनं टेबलावर गोधडी पसरून सातचा आकडा शोधला, बोटानं चाचपला आणि नोंद केली: "जर्सी, एक नग, गोधडीसह." गोधडी ठेवून घेतली. थंडीत पांघरायला काय, असं मी विचारलं तर म्हणाला, जर्सी बाद ठरवायचा अर्ज करा, मग पाहू. प्रमाणपत्र मात्र त्यानं दोन्ही हातांनी दिलं.

संघटनेच्या कचेरीत पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. एका सायकल दुकानावरची ती खोली होती. बाबनराव रेल्वेचा फॉर्म घेऊन आधीच हजर होते. प्रेमिला खाली सायकलला कुलूप लावत होती. सचिव म्हणून जे गृहस्थ बसले होते त्यांना घरी जायची घाई होती.

"साक्षीदार तुम्हीच ना? करा सही लवकर."

मी घाम पुसायला चष्मा काढला होता. तो तसाच हातात ठेवून, मला वेंधळा समजू नयेत म्हणून, मी चटकन सही केली. सचिवांनी तितक्याच चटकन तिच्यावर शिक्का हाणला. मग त्यांनी वाचलं.

"केशवराव," ते म्हणाले, "तुम्ही खेळाडूच्या जागी सही केली."

"मग खोडतो ना."

"शिक्का बसला. शिक्का बसलेला फॉर्म कार्यकारिणीच्या बैठकीशिवाय रद्द होत नाही. बैठक दिवाळीनंतर."

"पण तो बाईमाणसांच्या संघाचा फॉर्म हाये नं जी!" बाबनराव ओरडले.

सचिवांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. त्यावर स्त्री की पुरुष असा रकानाच नव्हता.

प्रेमिला दारात मान वाकवून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्या सहीकडे पाहत होती, आणि तेच मला सहन होईना. नोकरी, वर्ष, ती कलकत्त्याची मुलगी, सगळं माझ्या एका सहीखाली गेलं होतं. मी बाबनरावांकडे पाहिलं.

"एक फॉर्म आहे अजून," ते कपाळ चोळत म्हणाले. "शेवटचा. घरी आहे. पलंगाखालच्या पेटीत, टोपीच्या खाली. पण आता चार चाळीस..."

पुढचं वाक्य ऐकायला प्रेमिला तिथं नव्हती. जिन्यावर चार उड्या ऐकू आल्या आणि मग सायकलची घंटी.

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. बाबनराव खिडकीत उभे राहून, गाडीची वेळ पाहावी तसे, मिनिटं पुकारत होते. सचिवांना वेळ होता म्हणून त्यांनी माझा फॉर्म पुरा करायला घेतला.

"उंची?"

"पाच फूट तीन."

"खेळायची जागा? सेंटर की गार्ड?"

मी पुस्तक आठवून पाहिलं. "जिथं कमी धावावं लागेल तिथं."

"राखीव," त्यांनी लिहिलं.

चार सत्तावन्नला जिन्यावर पावलं वाजली. प्रेमिला आत आली ती दाराची चौकट विसरून. कपाळ धाडकन आपटलं, पण हातातला फॉर्म दुमडला नाही. तिनं उभ्या-उभ्याच सही केली. मी चष्मा घालून, दोनदा वाचून, साक्षीदार या शब्दाखाली सही केली. घड्याळात एक मिनिट बाकी असताना शिक्का पडला. बाबनराव खिडकीत रुमाल हलवत होते. खाली कुणीच नव्हतं.

पावसाळा संपल्यावर स्पर्धा सुरू झाली. यादीतला खेळाडू गैरहजर असला तर प्रत्येक वेळी लेखी कारण द्यावं लागतं, असा संघटनेचा नियम निघाला. बाबनरावांना लिहायचा कंटाळा. म्हणून पहिल्याच सामन्याला मी धोतर-कोट घालून, टोपी सारखी करून, रेल्वेच्या राखीव खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी प्रेमिला. तिनं सांगितल्याप्रमाणे ती बसली होती. धोंडबा प्रेक्षकांत होता. "तो बुढा कोण हाये?" असं त्याला कुणी विचारलं तेव्हा तो अभिमानानं म्हणाला, "आमचे मास्तर. रेल्वेकडून खेळते."

मैदानावर कलकत्त्याची मुलगी खेळत होती. प्रेमिलाचे डोळे तिच्या पायांवरून हलत नव्हते. "पाहा काका, हात नंतर उचलते. आधी पाय. आधी पाय!" ती स्वतःशीच पुटपुटत होती. पहिला अर्धा डाव गेला. दुसऱ्यातही दहा मिनिटं गेली. समोरचा संघ दोन गुणांनी पुढं गेला, आणि ती कलकत्त्याची मुलगी पाय मुरगळून लंगडत बाहेर आली. प्रशिक्षकांनी आमच्या बाकाकडे वळून पाहिलं. त्यांची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि आम्हा दोघांवर येऊन थांबली.

"चला, उठा!" ते म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मी धोतराचा सोगा आवरला आणि अर्धा उठलो.

प्रेमिलानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला अलगद खाली बसवलं. "तुमी नाही, काका," ती म्हणाली, माझ्या मांडीवर टॉवेल टाकला आणि, मी पहिल्यांदाच पाहिलं, मान अजिबात न वाकवता मैदानात गेली.

मी बसून राहिलो. मला आनंदच झाला होता. पण जरासा हिरमुसलोही.